मोबाइलचं कव्हर मार कसा खातं?

साकीनाका मेट्रो स्थानकाच्या जिन्यावर हातातून निसटलेला मोबाइल सव्वा मीटर खाली येईपर्यंत ताशी सुमारे १८ किलोमीटर वेग गाठतो. हा वेग किती अंतरात शून्य होतो, त्यावर काचेचं नशीब ठरतं. उघडा फोन अर्ध्या मिलिमीटरमध्ये थांबला आणि कव्हर घातलेला २ मिलिमीटरमध्ये, तर दुसऱ्याला सरासरी मार पावपट बसतो. क्रिकेटमध्ये झेल घेताना हात मागे नेतात, त्यातला हाच प्रकार.

फोन बहुधा कोपऱ्यावर आदळतो आणि सगळा भार तेवढ्याशा जागेवर येतो. म्हणून कव्हरच्या कोपऱ्यांत हवेचे कप्पे असलेले बरे. पुढची कड पडद्यापेक्षा किंचित उंच हवी; नख फिरवलं की कळतं. फोन पालथा पडला, तर काच फरशीला टेकत नाही. खडीवर मात्र या कडेचा फारसा उपयोग नाही.

कडक पॉलिकार्बोनेटचं कव्हर ओरखडे अडवतं, पण दबत नाही. सिलिकॉनची पकड छान, फक्त खिशातली सगळी धूळ त्याला चिकटते. मऊ, पारदर्शक टीपीयू प्लास्टिक दबून परत फुलतं, म्हणून रोजच्या वापराला तेच सोयीचं. ते पिवळं पडतं, ते मळामुळे नव्हे. उन्हातली अतिनील किरणं आणि उष्णता यांनी त्याचे रेणूच बदलतात, त्यामुळे कितीही घासलं तरी हा पिवळेपणा जात नाही.