पाच सेंटिमीटर पाणी

बबल सीपॅप पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे यंत्र आहे असे वाटतच नाही. हवा आणि ऑक्सिजन यांचे मिश्रण ऊब आणि ओलावा घेऊन एका नळीतून बाळाच्या नाकापर्यंत येते. तिथे दोन्ही नाकपुड्यांत मऊ, आखूड नळ्या घट्ट बसवलेल्या असतात. वॉर्डात त्यांना प्राँग्ज म्हणतात. बाळाकडून निघालेल्या दुसऱ्या नळीचे टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेले असते. ते पाच सेंटिमीटर बुडाले असेल तर बाहेर पडणाऱ्या हवेला तेवढ्या पाण्याचा अडथळा ओलांडावा लागतो आणि तेवढाच दाब बाळाच्या श्वासमार्गात टिकून राहतो. सात सेंटिमीटर बुडवले की दाब सात. बुडबुडे थांबले तर कुठेतरी हवा गळते आहे हे समजते: प्राँग सरकली असेल, नळी सुटली असेल, बाळाचे तोंड उघडे राहिले असेल. दाब ठरवणे आणि तो गेल्याचे कळवणे ही दोन्ही कामे एक बाटली करते. या साधेपणामुळे या उपकरणाची गोष्ट बहुतेक वेळा स्वस्ताईची गोष्ट म्हणून सांगितली जाते. गेल्या पन्नासेक वर्षांचा पुरावा मात्र वेगळे सांगतो, असे मला वाटते. बाटली स्वस्तच आहे. पण मुले वाचतात ती बाटलीजवळ कोण उभे आहे यावर, आणि तो खर्च स्वस्त नाही.

हा दाब करतो काय, हे आधी पाहायला हवे. फुप्फुसात हवेच्या असंख्य सूक्ष्म पिशव्या असतात. फुगा पूर्ण रिकामा असताना फुंकायला सर्वांत जड जातो, थोडी हवा आत राहिली असेल तर पुढचे सोपे होते. या पिशव्यांचेही तसेच आहे. निरोगी फुप्फुसात सरफॅक्टंट नावाचा निसरडा थर त्यांना मिटू देत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळात हा थर पुरेसा तयार झालेला नसतो, म्हणून प्रत्येक उच्छ्वासाला पिशव्या मिटतात आणि प्रत्येक श्वासाला त्या नव्याने उघडाव्या लागतात. मेरी एलन एव्हरी आणि जेरी मीड यांनी हे कारण १९५९ साली दाखवून दिले. पण कारण कळले म्हणून उपाय सापडला असे झाले नाही. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक सुमारे साडेपाच आठवडे आधी जन्मला. त्याचे वजन दोन किलोहून थोडे जास्त होते. बोस्टनमधले सर्वोत्तम डॉक्टर दिमतीला होते, उच्च दाबाच्या कक्षात ऑक्सिजन देण्याचाही प्रयत्न झाला, आणि तरी ते बाळ एकोणचाळीस तासांत गेले. आज त्या वजनाचे बाळ चांगल्या जिल्हा रुग्णालयातून घरी जाणे ही रोजची गोष्ट असायला हवी.

१९७१ हे वर्ष या कहाणीतले वळण आहे. धाप लागलेली बाळे उच्छ्वास सोडताना कण्हतात. हे कण्हणे वेदनेचे नसते. बाळ स्वरयंत्र अर्धवट मिटून हवा अडवते आणि स्वतःच आत दाब राखते. श्वासनलिकेत नळी घातली की त्याला कण्हता येत नाही आणि रक्तातला ऑक्सिजन उलट घसरतो, हे आधी दिसले होते. सॅन फ्रान्सिस्कोमधील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे भूलतज्ज्ञ जॉर्ज ग्रेगरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळ जे करू पाहत होते तेच बाहेरून पुरवले. वीस बाळांपैकी सोळा जगली. दीड किलोहून कमी वजनाच्या दहांपैकी सात. इतका लहान गट, तुलनेला दुसरा गट नाही, तरीही आकडे असे होते की दुर्लक्ष करणे अशक्य होते. मला या शोधात सर्वांत मोलाचे वाटते ते त्यामागचे पाहणे. कण्हणाऱ्या बाळाकडे कुणीतरी पुरेसा वेळ लक्ष देऊन पाहिले, म्हणून यंत्र सुचले.

पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या रुग्णालयात जेन-टिएन वुंग यांनी पाण्यात बुडवलेल्या नळीची ही पद्धत रोजच्या वापरात रुळवली. १९८७ साली त्याच मेरी एलन एव्हरी यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतल्या आठ केंद्रांची तुलना प्रसिद्ध झाली. कमी वजनाच्या बाळांना नंतर जडणारा फुप्फुसाचा जुनाट आजार कोलंबियात सर्वांत कमी होता. तिथे बाळाला लवकर सीपॅपवर घेत आणि व्हेंटिलेटर शक्यतो टाळत. पण आणखी एक फरक होता: तिथल्या श्वसनोपचाराची सूत्रे अनेक वर्षे एकाच अनुभवी माणसाच्या हाती होती. कोलंबियाची नळी उचलून नेणे इतरांना सोपे गेले, तिथली शिस्त उचलणे नाही.

ढाक्यातल्या आयसीडीडीआर,बी या संस्थेच्या रुग्णालयात मोहम्मद जोबायेर चिश्ती यांनी हीच पद्धत नवजात बाळांपलीकडे, न्यूमोनियाने अत्यवस्थ झालेल्या पाच वर्षांखालील मुलांसाठी वापरून पाहिली. मेलबर्नला त्यांनी बबल सीपॅप पाहिले होते. ढाक्यात त्यांनी शाम्पूच्या बाटलीतून ते उभे केले. २०१५ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या त्यांच्या चाचणीत नेहमीचा मंद गतीचा ऑक्सिजन दिलेल्या ६७ मुलांपैकी १० दगावली, बबल सीपॅपवरच्या ७९ पैकी ३. ही बातमी जगभर गेली, आणि बहुतेक मथळ्यांत शाम्पूची बाटली होती. त्या मुलांवर सतत लक्ष ठेवणारे डॉक्टर आणि परिचारिका मथळ्यांत नव्हते.

मग मलावीचा निकाल आला. सलिमा जिल्हा रुग्णालयात, साध्या वॉर्डात, डॉक्टरांची रोजची देखरेख नसताना बबल सीपॅप वापरला तर काय होते, हे तपासणारी ६४४ मुलांची चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. सीपॅप गटातली १७ टक्के मुले दगावली, साध्या ऑक्सिजनच्या गटातली ११ टक्के. तेच तत्त्व, उलटा परिणाम. या दाबाने पोटात हवा भरते. पोट फुगलेले अशक्त मूल ओकले तर ते फुप्फुसात जाऊ शकते. नाकाच्या पडद्याला जखम होते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या सीओआयएन चाचणीत जन्मतः सीपॅपवर ठेवलेल्या अतिअपुऱ्या दिवसांच्या बाळांपैकी ९ टक्क्यांच्या फुप्फुसाबाहेर हवा साठली. नळी घातलेल्यांत हे प्रमाण ३ टक्के होते, आणि ही चाचणी संपन्न देशांतल्या सुसज्ज कक्षांतली होती. यातले बरेच धोके वेळीच दिसले तर हाताळता येतात. पोट फुगले तर तोंडातून नळी घालून हवा काढायची, प्राँग दाबत असेल तर बदलायची, छातीची एक बाजू हलत नसेल तर धावायचे. न दिसलेला धोका मात्र मुलाच्या जिवावर बेततो.

यावर रास्त आक्षेप असा की मलावीची मुले वेगळी होती. चाचणीत एचआयव्हीशी संबंध आलेली आणि तीव्र कुपोषित मुले मोठ्या संख्येने होती, मग दोष देखरेखीच्या अभावाला का द्यायचा? आक्षेपात तथ्य आहे. ढाक्यात एचआयव्ही जवळपास नव्हता. पण कुपोषण आणि जुलाब ढाक्याच्या मुलांतही भरपूर होते, आणि तरी ती तगली. दुसरा आक्षेप ढाक्याच्या निकालावरच आहे: फरक मोठा दिसल्याने चाचणी मध्येच थांबवली गेली, आणि अशा चाचण्या फायदा फुगवून दाखवतात. तेही खरे. म्हणून एकट्या ढाक्यावर विसंबू नये. घानातल्या दोन रुग्णालयांत झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सीपॅपमुळे एकूण मृत्यूंत ठोस फरक पडला नाही, मात्र एक वर्षाखालच्या बाळांत मृत्यू ७ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आले. इथिओपियातल्या सामान्य रुग्णालयांत, कर्मचाऱ्यांना आधी नीट तयार करून झालेल्या चाचणीचे २०२४ चे निष्कर्षही सीपॅपच्या बाजूचे आहेत. हे चारही देश एकत्र ठेवले तर वय आणि देखरेख या दोन गोष्टी निकाल ठरवताना दिसतात. बाटलीची किंमत कुठेच नाही.

लस असताना यंत्रावर एवढे लक्ष कशाला, असेही विचारले जाते. न्यूमोकोकल लस २०१७ पासून भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात टप्प्याटप्प्याने आली, २०२१ मध्ये देशभर पोहोचली, आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या न्यूमोसिलने ती परवडणारी केली. ती हवीच. पण विषाणूंमुळे होणारा न्यूमोनिया ती रोखत नाही, आणि तिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाला सरफॅक्टंट देत नाही. अशा बाळांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस सीपॅपचीच आहे.

लक्ष देणारी नजर तयार करता येते, याचा सर्वांत चांगला पुरावा आपल्याच राज्यात आहे. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गडचिरोलीत गावातल्या कार्यकर्त्यांना आणि दायांना न्यूमोनिया ओळखायला आणि गोळ्या-औषध द्यायला शिकवले. मोजता न येणाऱ्या दायांसाठी मण्यांचे उपकरण बनवले: मिनिटाची वाळूची घडी आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. १९९० साली लॅन्सेटमध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार त्या गावांत न्यूमोनियाचे बालमृत्यू हजारी ८.१ होते, तुलनेच्या गावांत १७.५. मण्यांची किंमत नगण्य होती. प्रशिक्षण, पाठपुरावा आणि घरोघरी जाणे यांवर मात्र वर्षे खर्च झाली, आणि यश त्यातून आले.

म्हणून जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षासाठी सीपॅप घेताना खरेदीच्या कागदावर काय आहे ते पाहावे. हवा-ऑक्सिजन मिसळणारा ब्लेंडर आहे का? निव्वळ ऑक्सिजनवर ठेवलेले अपुऱ्या दिवसांचे बाळ श्वासाने वाचते आणि डोळ्यांनी जाऊ शकते. दृष्टिपटलाचा हा आजार आपल्याकडे आजही मुलांना अंध करतो. ह्युमिडिफायर आहे का, सगळ्या मापांच्या प्राँग्ज आणि पल्स ऑक्सिमीटरचे छोटे प्रोब वर्षभर पुरतील का? आणि तिन्ही पाळ्यांत किती सिस्टर आहेत, त्यांची बदली सहा महिन्यांत लेबर रूमला होणार का? परिचारिकांच्या पगाराची तरतूद जिल्ह्याच्या हाती नसते, उपकरणाचा निधी मात्र मिळतो, हे उत्तर प्रशासन देईल आणि ते प्रामाणिक असेल. पण मलावीनंतर यंत्र आधी आणि माणसे नंतर हा क्रम निरुपद्रवी राहिलेला नाही. जिथे रात्रपाळीला बाळाजवळ प्रशिक्षित सिस्टर नाही, तिथे नीट दिलेला साधा ऑक्सिजन आणि वेळेवर निघालेली रुग्णवाहिका हा अधिक सुरक्षित उपचार आहे, आणि तसे लेखी ठरवून देणे आरोग्य खात्याला आजही शक्य आहे.