समलैंगिकतेचा अभ्यास : मराठी वाचकासाठी काही साधने

समलैंगिक व्यक्तींचे जीवन व हक्क यांविषयी मराठीतून अभ्यास करू इच्छिणाऱ्यास साधने अल्प असली, तरी ती उपेक्षणीय नाहीत. ती वाचताना एक प्रश्न सतत समोर ठेवावा: येथे बोलणारे कोण आहे?

विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आले. सुमित्राचे एका स्त्रीवरील प्रेम त्यात गांभीर्याने चित्रित झाले आहे. परंतु तिची कथा सांगतो तो तिचा मित्र बापू. याउलट सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) या कादंबरीत तनय आपल्या पुरुषावरील प्रेमाविषयी स्वतः बोलतो. त्याच पुरुषावर प्रेम करणारी त्याची बहीण अनुजाही स्वतंत्रपणे बोलते. निवेदकातील हा बदल अभ्यासकाने लक्षात घ्यावा.

चळवळीच्या आकलनासाठी अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये मुंबईत सुरू केलेले ‘बॉम्बे दोस्त’ हे इंग्रजी नियतकालिक, तसेच पुण्यात २००२ साली ‘समपथिक ट्रस्ट’ स्थापन करणाऱ्या बिंदुमाधव खिरे यांचे मराठी लेखन उपयुक्त ठरते.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल मात्र एकत्रच वाचावेत. २०१८ च्या निकालाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. २०२३ च्या निकालाने समलिंगी विवाहास कायदेशीर मान्यता देण्यास नकार दिला. या दोहोंमधील अंतरात प्रत्यक्ष जगणे कसे असते, हे निकालपत्रांतून पुरेसे उमगत नाही. त्यासाठी पुन्हा साहित्याकडेच वळावे लागते.