पेढीवरील संगणकाचा जीर्णोद्धार

आपल्या बहुतेक पेढ्यांची कीर्द-खतावणी संगणकावर गेली त्यास आता बराच काळ लोटला असून, पुष्कळ ठिकाणी हिशेबाचा प्रोग्रॅमही वार्धक्यास पोचला आहे. ‘चालते आहे ना, मग हात कशाला लावावयाचा?’ हा प्रश्न आम्ही बाजारात नित्य ऐकतो. तो निव्वळ आळसातून येत नाही, हे आम्हांस मान्य आहे. परंतु विंडोज ७ ची सुरक्षा-दुरुस्ती २०२० सालीच थांबली आणि विंडोज १० ची नेहमीची विनामूल्य दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. वखारीचे कुलूप गंजलेले असता आपण स्वस्थ निजतो काय?

कायदाही थांबत नाही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, तेव्हा धान्यावरील आकारणी नोंदणीकृत छापाच्या पिशवीस होती. १८ जुलै २०२२ पासून ती वेष्टनावर आली: आधीच भरून लेबल लावलेल्या २५ किलोपर्यंतच्या पिशवीस ५ टक्के, ३० किलोच्या गोणीस काही नाही. ज्या प्रोग्रॅमला केवळ छापच ठाऊक, त्यास ही वजनाची मर्यादा कोठून कळावी?

तथापि खरा धोका बदलण्याच्या घाईत आहे. जुन्या प्रोग्रॅमच्या पोटात पेढीची रीत दडलेली असते. बारदानाची वजावट, हमाली, तोलाई, अमुक गिऱ्हाइकास वटाव, तमुक मुदतीनंतर व्याज, हे सारे तो मुकाट्याने करीत असतो आणि कोठेही लिहिलेले नसते. गोणीमागे ६०० ग्रॅम बारदान धरले, तर २०० गोण्यांस १२० किलो होतात. नवा प्रोग्रॅम तेवढे वजा करावयास विसरला, तर बिल जाते, गिऱ्हाईक चिडते आणि बोलणी मात्र दिवाणजींस बसतात! म्हणून प्रथम दिवाणजींस शेजारी बसवून एकेक रीत कागदावर उतरवावी. तरुण मंडळींस त्यांची गती संथ वाटते; पण ते निवृत्त झाल्यावर ही माहिती विकत मिळणार नाही.

मंदिराच्या जीर्णोद्धारात भिंतीस हात लावण्यापूर्वी मूर्तीची व्यवस्था लावतात. येथे ते स्थान जुन्या नोंदींचे आहे. वस्तू व सेवा कराच्या कायद्याप्रमाणे हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. त्यांची प्रत निराळ्या डिस्कवर घेऊन ती दुसऱ्या यंत्रावर उघडते, हे डोळ्यांनी पाहावे. नंतर निदान एक महिना दोन्ही प्रोग्रॅम बरोबरीने चालवून रोजची शिल्लक, उधारी व वखारीतील साठा ताडून पाहावा. श्रम दुप्पट होतात खरे. म्हणून हे काम सुगीच्या आवकेत न काढता पावसाळ्यात, बाजार मंद असता काढावे.