विश्लेषण : रोलर स्केटिंगचे हेल्मेट आइस स्केटिंगला चालते का?

महाराष्ट्रात आइस स्केटिंगकडे वळणारी अनेक मुले आधी रोलर स्केटिंग शिकलेली असतात. देहरादून किंवा गुरुग्रामच्या रिंकवर सरावाला जायचे ठरले, की पालकांचा पहिला प्रश्न असतो : हेल्मेट, नी-पॅड, एल्बो-पॅड घरात आहेतच, मग पुन्हा खर्च कशाला? प्रश्न रास्त आहे. यातले काही बर्फावरही चालते, काही मात्र बदलावेच लागते.

बर्फावरचे पडणे वेगळे का?

बर्फावर घर्षण अगदी कमी असते. पाय पुढे निसटतो आणि शरीर मागे कोसळते. त्यामुळे माकडहाड, मनगट आणि डोक्याची मागची बाजू यांना धोका जास्त. वेग नसला तरी धोका टळत नाही. दीड मीटर उंचीवरून सरळ खाली आलेली वस्तू जमिनीवर आदळते तेव्हा तिचा वेग ताशी १९ किलोमीटरच्या पुढे गेलेला असतो. म्हणजे जागेवर उभा असलेला नवशिकाही मागे पडला, तर डोक्याला मोठा मार बसू शकतो. दुसरा फरक ब्लेडचा. चाकाने खरचटते, ब्लेडने खोल कापते.

हेल्मेट कोणते घ्यावे?

सायकलच्या अनेक हेल्मेटमध्ये डोक्याचा मागचा भाग पुरेसा झाकला जात नाही. बर्फासाठी मागे खालपर्यंत उतरणारे हेल्मेट हवे. ‘ईएन १०७८’ हे मानक सायकल, स्केटबोर्ड आणि रोलर स्केटिंगच्या हेल्मेटसाठी आहे. नवशिक्याला सुरुवातीला असे हेल्मेट चालू शकते. शॉर्ट ट्रॅक शर्यतीसाठी मात्र ‘एएसटीएम एफ १८४९’ हे स्वतंत्र मानक आहे. स्पर्धेत उतरायचे असेल तर प्रशिक्षकाला विचारूनच खरेदी करावी.

माप दुकानातच तपासा. हेल्मेटची पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटांवर यावी, पट्टा हनुवटीखाली एका बोटाइतकाच सैल असावा आणि मान हलवली तरी हेल्मेट सरकू नये. ‘पुढच्या वर्षीही बसेल’ म्हणून मोठे माप घेऊ नये.

एकदा आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरावे का?

ते आतल्या फोमवर अवलंबून असते. सायकल आणि स्केटिंगच्या बहुतेक हेल्मेटमध्ये थर्माकोलसारखा ईपीएस फोम असतो. तो चेपून धक्का शोषतो, पण पुन्हा फुगत नाही. बाहेरून तडा दिसला नाही, तरी जोराचा मार बसलेले असे हेल्मेट बदलायला हवे. म्हणूनच कुणाचे वापरलेले हेल्मेट स्वस्तात मिळाले तरी टाळावे. आइस हॉकीच्या हेल्मेटमधला फोम अनेक धक्क्यांसाठी बनवलेला असतो, पण तडा गेल्यावर तेही बाद. हेल्मेट कवटीला वाचवते, मेंदूचा हादरा मात्र पूर्ण थांबवू शकत नाही. पडल्यानंतर चक्कर, उलटी किंवा गोंधळल्यासारखे वाटत असेल तर खेळ तिथेच थांबवून डॉक्टरांकडे जावे.

ब्लेडपासून बचाव कसा?

नवशिक्याचा पहिला बचाव म्हणजे हातमोजे. पडल्यावर मुठी मिटून बोटे आत घ्यायची, हे आधी शिकवले जाते. मनगटासाठी रोलर स्केटिंगचे रिस्ट गार्ड चालतात. नी-पॅडही चालतात. माकडहाडासाठी मात्र पॅड असलेली शॉर्ट वेगळी घ्यावी लागते.

शॉर्ट ट्रॅकमध्ये खेळाडू एकमेकांना चिकटून वळतात. त्यामुळे हेल्मेट आणि हातमोज्यांसोबत मानेचे, नडगीचे व घोट्याचे संरक्षण आणि सहज न कापला जाणारा पोशाखही लागतो. मानेचे संरक्षण किती महत्त्वाचे, हे ऑक्टोबर २०२३ मध्ये जगाने पाहिले. इंग्लंडमधील शेफिल्ड येथे आइस हॉकीच्या सामन्यात ब्लेडने गळा कापला गेल्याने अ‍ॅडम जॉन्सन या अमेरिकी खेळाडूचा मृत्यू झाला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाने आपल्या स्पर्धांत मानेचे संरक्षक सक्तीचे केले.

निगा कशी राखावी?

बर्फावरून उतरताच ब्लेड कोरड्या फडक्याने पुसा. थंड ब्लेडवर बाहेरच्या उबदार हवेतले बाष्प पुन्हा जमते, म्हणून दहा-पंधरा मिनिटांनी परत पुसा. प्लास्टिकचे कडक गार्ड फक्त चालण्यापुरते. त्यातच ब्लेड ठेवले तर ओल आत अडकून गंज चढतो. घरी नेताना कापडी कव्हर वापरा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ही काळजी अधिक लागते.

बुटांतले इनसोल काढून सावलीत वाळवा. ऊन किंवा हीटर नको. कापरोधक कपड्यांना ब्लीच लावू नका, कारण केव्हलरसारखे धागे त्याने कमकुवत होतात. डायनीमासारखा धागा पॉलिथिनच्या जातीचा असल्याने इस्त्रीही नको. हेल्मेट सौम्य साबणाच्या पाण्याने पुसा. थिनर किंवा पेट्रोल लावू नका आणि उन्हात बंद गाडीतही ठेवू नका.

खर्चाला मर्यादा असेल तर?

पहिले पैसे योग्य मापाच्या हेल्मेटवर खर्च करा, मग हातमोजे आणि रिस्ट गार्डवर. घरातले नी-पॅड आणि एल्बो-पॅड घट्ट बसत असतील तर तेच वापरा. शर्यतीचा सराव सुरू होण्याआधी मात्र मानेचे संरक्षक आणि कापरोधक पोशाख घेतलेलाच असावा. ही खरेदी पहिल्या स्पर्धेपर्यंत लांबवू नका. सरावातल्या ब्लेडलाही तेवढीच धार असते.