इंग्रजी संभाषणातील क्रोध आणि वैताग

परकीय भाषा शिकणारा विद्यार्थी त्या भाषेतील रागाचे शब्द लवकर आत्मसात करतो. परंतु रागाचे मान त्याला फार उशिरा कळते. 'आय ॲम अ लिट्ल डिसअपॉइंटेड' हे वाक्य एखाद्या इंग्रज मार्गदर्शकाने प्रबंधाच्या मसुद्याविषयी उच्चारले, तर कोशाच्या आधारे 'मी किंचित निराश झालो आहे' एवढाच त्याचा अर्थ होतो. प्रत्यक्षात ती गंभीर नाराजीची सूचना असू शकते, आणि ती न ओळखणारा विद्यार्थी मसुदा तसाच पुढे रेटतो. उलटपक्षी, चित्रपटात ऐकलेला एखादा उग्र प्रयोग क्षुल्लक प्रसंगी करून तो श्रोत्याचे मन दुखावतो. रागाची तीव्रता केवळ शब्दात नसते. ती प्रतिमा, निषिद्धता, वाक्यरचना आणि आघात यांमध्ये विभागलेली असते, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम शब्दांचा विचार करू. 'ॲनॉइड', 'अँग्री', 'फ्युरियस' ही चढती श्रेणी परिचित आहे. तथापि 'क्रॉस' हा ब्रिटिश शब्द सौम्य व घरगुती आहे. आई मुलावर 'क्रॉस' होते. 'लिव्हिड' या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ शिशासारखा निळसर असा. आजच्या बोलण्यात मात्र तो पराकाष्ठेचा संताप दर्शवितो. 'मॅड' म्हणजे अमेरिकेत सामान्यतः रागावलेला. ब्रिटनमध्ये 'वेडा' हा अर्थ आधी मनात येतो. अर्थात प्रदेश ठाऊक नसेल, तर शब्दाचे वजन ठरविता येत नाही.

दुसरी गोष्ट प्रतिमांची. जॉर्ज लेकॉफ यांनी झोल्तान केव्हेचेश यांच्या सहकार्याने केलेले अमेरिकन इंग्रजीतील क्रोधविषयक विवेचन 1987 मध्ये प्रसिद्ध झाले. शरीर हे पात्र आणि राग हा त्यात तापणारा द्रव, ही कल्पना अनेक वाक्प्रचारांच्या मुळाशी आहे, असे त्यात दाखविले आहे. 'बॉइलिंग विथ रेज' म्हणजे उकळणे, 'लेट ऑफ स्टीम' म्हणजे वाफ सोडून दाब कमी करणे आणि 'ब्लो वन्स टॉप' म्हणजे झाकण उडणे. या तिन्हींत दाबाच्या तीन अवस्था आहेत. मराठीतही राग गिळला जातो. परंतु 'अंगाचा तिळपापड होणे', 'तळपायाची आग मस्तकाला जाणे' या प्रयोगांत आतला द्रव नव्हे, तर शरीरच तापते. म्हणून 'लेट ऑफ स्टीम'चे भाषांतर 'संतापणे' असे करणे चुकीचे ठरते. त्यात संताप निवविण्याचा भाव आहे. 'मन मोकळे करणे' हे त्याला अधिक जवळचे.

वैतागाचे क्षेत्र याहून निराळे आहे. मानसशास्त्रीय लेखनात 'फ्रस्ट्रेशन'साठी 'वैफल्य' हा शब्द रूढ आहे. परंतु यंत्र चालत नाही म्हणून 'आय ॲम सो फ्रस्ट्रेटेड' म्हणणारा मनुष्य वैफल्यग्रस्त नसतो. तो वैतागलेला असतो. 'फेड अप' या प्रयोगात अति खाल्ल्याने येणाऱ्या तिटकाऱ्याची कल्पना आहे, आणि आपल्या 'वीट येणे' या प्रयोगाशी तिचे साम्य लक्षणीय आहे. 'सिक अँड टायर्ड' यात आजार नसून पुनरावृत्तीचा त्रास असतो. उंटाच्या पाठीवरील अखेरची काडी, म्हणजे 'द लास्ट स्ट्रॉ', सहनशक्तीची सीमा दाखविते. आपण अशा वेळी 'पाणी डोक्यावरून गेले' असे म्हणतो.

तिसरा घटक निषिद्ध शब्दांचा. बर्नार्ड शॉ यांचे 'पिग्मॅलियन' 1914 मध्ये लंडनच्या रंगभूमीवर आले, तेव्हा नायिकेच्या तोंडच्या 'ब्लडी' या एका शब्दाने खळबळ उडाली. आज त्या शब्दाची धार पुष्कळ बोथट झाली आहे; तरी औपचारिक प्रसंगी तो टाळला जातो. ईश्वर व नरक यांच्या उल्लेखाभोवतीच्या संकोचातून सौम्य पर्याय निर्माण झाले. 'डॅम'ऐवजी 'डार्न', 'हेल'ऐवजी 'हेक' आणि 'फॉर गॉड्स सेक'ऐवजी 'फॉर हेवन्स सेक' हे त्यांपैकी होत. वक्ता यांपैकी कोणता पर्याय निवडतो, यावरून रागाइतकाच श्रोत्याविषयीचा आदरही व्यक्त होतो.

सर्वांत दुर्लक्षित घटक व्याकरणाचा होय. 'यू आर ऑलवेज लूझिंग युअर कीज' या वाक्यात रागाचा एकही शब्द नाही. परंतु 'ऑलवेज' आणि अपूर्ण काळ यांच्या योगाने तक्रार सिद्ध होते. 'विल यू स्टॉप दॅट नॉइज' हे रूपाने प्रश्न, पण अर्थाने आज्ञा. 'यू विल लीव्ह द डोअर ओपन' यात 'विल'वर आघात दिला की भविष्यकाळ लोपतो आणि खोडीविषयीची चीड उरते. 'विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट' ही आदराची भाषा पुष्कळदा तीव्र मतभेदाची नांदी असते.

यावरून निष्पन्न होते ते असे : रागाच्या वाक्प्रचारांची यादी पाठ करणे पुरेसे नाही. ते कोणी, कोणास, कोणत्या प्रदेशात आणि कोणत्या स्वरात उच्चारले, हेही अध्यापकाने सांगितले पाहिजे. भाषांतरकारानेही शब्दास शब्द न शोधता त्या तीव्रतेस समतोल असा मराठी प्रयोग शोधावा. राग ओळखता येणे हे रागावता येण्यापेक्षा अधिक उपयोगाचे आहे. कारण न ओळखलेल्या नाराजीचे निराकरण करता येत नाही.