सत्य, प्रिय आणि मनाचा वैद्य

सत्य बोलावें कीं प्रिय बोलावें, हा प्रश्न आपल्या घराघरांतून नित्य उपस्थित होत असतो. घरांतील वडील माणसास असाध्य रोग जडला असतां, मुलीचें लग्न जुळतांना, परीक्षेंत नापास झालेल्या मुलास चार शब्द सांगतांना, जिभेवर आलेलें सत्य गिळावें कीं बाहेर काढावें, या विवंचनेंत कोण पडला नाहीं? मनूनें या बाबतींत घालून दिलेला दंडक शाळेंत थोडेंबहुत संस्कृत शिकलेल्या प्रत्येकास ठाऊक असतो. पण लोक तो बहुधा अर्धाच ध्यानांत ठेवितात. अप्रिय असें सत्य बोलूं नये, एवढा भाग सर्वांच्या तोंडीं आहे. प्रिय असें असत्यहि बोलूं नये, असें जें त्याच्याच पाठोपाठ सांगितलें आहे, त्याचा मात्र सोयिस्कर विसर पडतो. दोन्ही निषेध एकत्र वाचले म्हणजे खरी अडचण दिसूं लागते. तेंहि बोलावयाचें नाहीं आणि हेंहि बोलावयाचें नाहीं. मग करावयाचें तरी काय? ज्यांच्या धंद्यांत अप्रिय सत्य सांगणें हाच उपचार, त्या मनोविश्लेषकांनीं या अडचणींतून वाट कशी काढिली, हें पाहणें आपणांसारख्या गृहस्थाश्रमी लोकांसहि उपयोगाचें आहे.

मनोविश्लेषणाची पद्धति व्हिएन्ना येथील डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९) यांनीं सुरू केली, हें बहुतेक वाचकांस विदित असेलच. आपल्या देशांत कलकत्त्यास डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनीं १९२२ सालीं भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली, तेव्हांपासून हें शास्त्र आपणांस अगदींच परकें राहिलेलें नाहीं. त्याचें मूळ सूत्र थोडक्यांत असें: जी इच्छा, जो राग किंवा जें दुःख मनुष्यास स्वतःशींहि कबूल करवत नाहीं, तें तो मनाच्या तळाशीं दडपून टाकतो. दडपलेलें नाहींसें होत नाहीं. तें अकारण भीति, निद्रानाश, बसलेला आवाज, शरीरांत दोष नसतां जडलेला खोकला, अशा रूपांनीं वर येतें. यावर उपाय म्हणून रोग्यानें कोचावर पडून मनांत येईल तें, निवड न करितां, बोलत जावें. वैद्यानें त्याच्या दृष्टीआड बसून ऐकावें आणि त्यांतून निघणारा अर्थ योग्य वेळीं त्यास सांगावा. येथें पुडी नाहीं, काढा नाहीं. सत्य हेंच औषध. आणि तें सत्यहि असें कीं, जें टाळण्यांतच रोग्याचें आजवरचें आयुष्य गेलेलें असतें. न सांगावें तर उपचार होत नाहीं. सांगावें तर रोगी उठून चालूं लागतो.

उठून चालूं लागतो, हें आम्ही अलंकारासाठीं लिहिलेलें नाहीं. १९०० सालच्या आक्टोबरांत एक गृहस्थ आपल्या सुमारें अठरा वर्षांच्या मुलीस फ्रॉइड यांजकडे घेऊन आले. फ्रॉइड यांनीं आपल्या लेखांत तिला ‘डोरा’ असें नांव दिलें आहे. तिला खोकला, मधून मधून आवाज बसणें आणि उदासीनता असे विकार होते. तिच्या वडिलांच्या एका स्नेह्यानें तिच्याशीं अनुचित वर्तन केलें होतें. तिनें तें घरीं सांगितलें, तेव्हां त्या स्नेह्यानें तें साफ नाकारलें, आणि वडिलांनीं मुलीचा शब्द सोडून त्याच्या शब्दावर विश्वास ठेविला. त्या स्नेह्याच्या पत्नीशीं वडिलांचे संबंध होते, हें मुलीस ठाऊक होतें. अशा स्थितींत मुलीस ‘शुद्धीवर आणावें’, एवढीच वडिलांची अपेक्षा होती.

फ्रॉइड यांनीं तिची हकीकत खरी मानिली, हें त्यांचें मोठेंच श्रेय होय. परंतु लगोलग तिच्या स्वप्नांचे अर्थ लावून, तुझ्या मनाची गुप्त ओढ त्याच गृहस्थाकडे आहे, असें ते तिला पुनःपुन्हा पटवूं लागले. तो अर्थ बरोबर होता कीं चूक, यावर विद्वानांत आजहि वाद आहे. आम्ही एवढेंच विचारितों कीं, जिला घरच्यांनींच खोटें पाडलें होतें, तिला त्या घटकेस कोणत्या शब्दाची गरज होती? ३१ डिसेंबर १९०० रोजीं, उपचारास तीन महिनेहि पुरे झालेले नसतां, आज शेवटचा दिवस, असें सांगून ती निघून गेली. १९०५ सालीं ही हकीकत प्रसिद्ध करितांना फ्रॉइड यांनीं आपली उणीव झांकून ठेविली नाहीं. वैद्याविषयीं रोग्याच्या मनांत जे भाव उत्पन्न होतात, त्यांची दखल आपण वेळेवर घेतली नाहीं, असें त्यांनीं लिहिलें. अधिक जिव्हाळा दाखविला असता तर ती राहिली असती काय, हा प्रश्नहि स्वतःस विचारिला. निश्चित उत्तर मात्र त्यांस देतां आलें नाहीं.

दहा वर्षांनीं, १९१० सालीं, त्यांनीं एक छोटा लेख लिहिला. अर्धवट शिकलेल्या वैद्यांच्या रानटी मनोविश्लेषणावर तो होता. पन्नाशीकडे झुकलेली, नवऱ्यापासून विभक्त झालेली एक बाई भीतीच्या विकारानें पीडित होऊन एका तरुण डॉक्टरकडे गेली. त्यानें पहिल्याच भेटींत तिच्या विकाराचें कारण वैवाहिक सुखाच्या अभावांत आहे असें सांगून, तिच्या नीतिकल्पनांस न मानवणारे उपायहि सुचविले. बाईची भीति अधिकच वाढली आणि ती फ्रॉइड यांजकडे आली. त्या डॉक्टरचें शास्त्रहि कच्चें होतें, हें फ्रॉइड यांनीं दाखविलेंच. परंतु त्यांचा मुख्य मुद्दा निराळा होता. अज्ञान हा या रोगाचा गाभा नव्हे, म्हणून नुसती माहिती देऊन तो बरा होत नाहीं. दुष्काळांत उपाशी लोकांस पक्वान्नांच्या याद्या वाटल्या तर त्यांचें जेवढें पोट भरेल, तेवढाच हा उपाय, अशा आशयाची उपमा त्यांनीं दिली आहे. सत्य सांगण्यापूर्वीं दोन गोष्टी घडलेल्या असाव्यात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. एक, रोगी स्वतःच चालत चालत त्या सत्याच्या उंबरठ्याजवळ येऊन ठेपलेला असावा. दुसरी, वैद्याशीं त्याचा इतका लोभ जडलेला असावा कीं, तें ऐकून तो पळून जाणार नाहीं.

येथें आपल्या मूळ कोड्याचा उलगडा होऊं लागतो. अप्रिय सत्य आणि प्रिय असत्य यांच्यामध्यें तिसरीहि एक वाट आहे. ती म्हणजे थांबण्याची. चांगला विश्लेषक पुष्कळ वेळ गप्प असतो. त्याचें मौन लपवाछपवीचें नसतें. तो सत्य सोडीत नाहीं, केवळ त्याच्या वेळेची वाट पाहतो. आमचें आयुष्य मुलें शिकविण्यांत गेलें. जें गणित मुलास स्वतः सुटण्याच्या बेतास आलेलें असतें, तें फळ्यावर सोडवून दाखविणारा मास्तर सत्यच सांगत असतो. पण त्या सत्याचा मुलास उपयोग होत नाहीं.

तथापि वेळेची वाट पाहण्याच्या नांवाखालीं सत्यास कायमचीच रजा दिली जाण्याचा धोकाहि आहे. बुडापेस्टचे सँडोर फेरेन्त्सी (१८७३–१९३३) यांनीं १९२८ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत, कोणती गोष्ट केव्हां व कशी सांगावी हें ठरविण्यास वैद्याजवळ व्यवहारांतील हळुवार समज हवी, म्हणजे दुसऱ्याच्या ठिकाणीं स्वतःस ठेवून पाहण्याची शक्ति हवी, असें प्रतिपादन केलें. फ्रॉइड यांस तें आवडलें. पण ज्यांच्या ठिकाणीं ही समज नाहीं, ते तिच्या नांवावर मनास येईल तसें वागतील, अशी भीतिहि त्यांनीं व्यक्त केली.

याच फेरेन्त्सींनीं १९३२ सालच्या सप्टेंबरांत वीसबाडन येथील परिषदेंत एक निबंध वाचला, आणि त्यांतील विचार फ्रॉइड यांस मुळींच रुचले नाहींत. वैद्य वरून सौजन्य दाखवितो, पण आंतून रोग्यास कंटाळलेला असतो. रोग्यास हें कळतें, मात्र तो बोलत नाहीं, असें फेरेन्त्सींचें निरीक्षण होतें. आपला कंटाळा त्यांनीं प्रामाणिकपणें कबूल केला, तेव्हां रोगी दुखावला जाण्याऐवजीं त्याचा विश्वासच दृढ झाला. लहानपणीं ज्यांच्यावर अन्याय झाला आणि मग मोठ्यांनीं कांहीं घडलेंच नाहीं असा आव आणिला, त्यांना वैद्याचा गोड मुखवटा पाहून तोच जुना प्रकार पुन्हा चाललेला वाटतो, असें त्यांचें म्हणणें. डोराची हकीकत आठवली म्हणजे या म्हणण्यांतील मर्म पटतें. तिच्या घरांतहि सर्वांचें वर्तन सभ्यच होतें!

दयाळू असत्य किती महाग पडतें, याचा अनुभव पुढें खुद्द फ्रॉइड यांसच आलेला होता. १९२३ सालच्या एप्रिलांत त्यांनीं आपल्या तोंडांतील एक गांठ आपले वैद्य फेलिक्स डॉइच यांस दाखविली. तो कर्करोग आहे, हें डॉइच यांनीं ओळखलें. परंतु हा धक्का त्यांस सोसणार नाहीं, या भीतीनें, धूम्रपानानें आलेला साधा पांढरा चट्टा आहे, असें त्यांनीं सांगितलें. हेतु निःसंशय प्रेमाचा होता. सत्य उघडकीस आल्यावर मात्र फ्रॉइड यांस रोगापेक्षां या फसवणुकीचेंच दुःख अधिक झालें. मला अंधारांत ठेवण्याचा अधिकार यांस कोणीं दिला, हा त्यांचा सवाल होता. डॉइच त्यांचे वैद्य राहिले नाहींत. १९२९ सालीं माक्स शूर या तरुण डॉक्टरची नेमणूक करितांना, मला नेहमीं खरें तेंच सांगितलें पाहिजे, असें वचन त्यांनीं आरंभींच घेतलें. सोळा वर्षांत तीसांहून अधिक शस्त्रक्रिया त्यांनीं सोसल्या आणि शेवटपर्यंत, २३ सप्टेंबर १९३९ रोजीं लंडन येथें देहावसान होईपर्यंत, शूर त्यांच्याजवळ होते. त्यांचें सत्य कठोर असे; पण तें सांगून शूर निघून जात नसत.

चरकसंहितेच्या विमानस्थानांत वैद्याच्या आचाराचा उपदेश आहे. रोग्याचें आयुष्य सरत आलें आहे हें जाणूनहि, जेथें तें सांगितल्यानें रोग्यास किंवा दुसऱ्यास आघात होईल तेथें सांगूं नये, असें तेथें म्हटलें आहे. आपल्या घरांत आजोबांचा आजार त्यांच्यापासून लपविला जातो, त्यास हाच आधार दाखवितां येईल. पण चरकानें न सांगण्यास परवानगी दिली आहे. खोटें सांगण्यास नव्हे. आजोबांनीं विचारिलें नाहीं तोंवर मौन शोभेल. त्यांनीं डोळ्यांस डोळा देऊन विचारिलें, तर ते उंबरठ्यापर्यंत आलेले आहेत, हें ओळखावें. त्यावेळीं सगळें घर मिळून हंसतमुखानें थाप मारूं लागलें, म्हणजे मरणाच्या दुःखांत एकटेपणाची भर पडते. कारण खाटेवरच्या माणसास बहुधा सर्व कळलेलें असतें आणि त्याविषयीं बोलावयास मात्र कोणी उरलेलें नसतें.

कोचाशेजारीं बसणारा वैद्य आणि खाटेशेजारीं बसणारा मुलगा किंवा सून, यांचें काम या बाबतींत फारसें भिन्न नाहीं. सत्य सांगण्यापूर्वीं समोरचा मनुष्य कोठवर येऊन पोंचला आहे, हें त्याच्याच बोलण्यावरून ओळखावें, तोंवर थांबावें, थांबलेल्या काळांत खोटें बोलूं नये, आणि सांगितल्यानंतर पाठ फिरवूं नये. यांतील शेवटचें कलम सर्वांत अवघड आहे. सत्य एका वाक्यांत सांगून होतें. त्यानंतरची रात्र त्या माणसाजवळ बसून काढावी लागते. तेवढी तयारी नसेल, तर आपण सत्यवादी आहों असा अभिमान बाळगण्याचें कांहीं कारण नाहीं.