स्वयंपाकघराचा जीर्णोद्धार : ओटा, फरशी आणि यंत्रे यांचा मेळ

व्यापारी बंधूंनी वर्षभर आवक, भाव आणि पोत्यांच्या थप्प्या यांचाच विचार करावा, हे स्वाभाविक होय. तथापि आपण विकलेले धान्य जेथे अन्नाचे रूप घेते त्या स्वयंपाकघराकडे आपले लक्ष जाते, ते बहुधा गवंड्याचे बिल हाती पडल्यावरच. बेळगावच्या जुन्या पेठांतील आपल्या वाड्यांतून अशी कामे ठिकठिकाणी निघत असल्याने चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

बहुतेक घरी क्रमच उलटा असतो. आधी ओटा, मग फरशी आणि सर्वांत शेवटी, सणासुदीच्या सवलतीत, यंत्रे. वास्तविक यंत्राचे माप कारखान्यात ठरलेले असते. दगड मात्र हवा तसा कापून घेता येतो. सबब यंत्रे प्रथम निश्चित करावीत, त्यांची मापे कागदावर उतरवावीत आणि नंतरच गवंड्यास बोलवावे.

उदाहरणार्थ, भांडी धुण्याचे यंत्र साधारणतः ६० सेंटिमीटर रुंद व ८५ सेंटिमीटर उंच असते. ते ओट्याखाली बसवावयाचे, तर दगडाची जाडी धरून ओटा सुमारे ३५ इंच उंच घ्यावा लागतो. आपल्याकडील जुने ओटे याहून पुष्कळ ठेंगणे. त्यातच जुन्या शहाबादीवर सिमेंटचा थर देऊन नवी फरशी घातली की जमीन दीड-दोन इंच वर येते आणि ओट्याची उंची आपोआप तितकीच घटते. एका आप्तांच्या घरी नेमके हेच घडले. नवे यंत्र वर्षभर सोप्यात उभे होते!

परंतु यंत्राकरिता सरसकट उंच ओटा केला, तर पाच फूट उंचीच्या गृहिणीने खांदे उचलूनच पोळ्या लाटावयाच्या काय? ओटा कोपरापेक्षा चार इंच खाली असावा, असा साधारण ठोकताळा आहे. येथे तोड अशी, की मोरीकडील भाग उंच करून यंत्र त्याखाली ठेवावे व शेगडीकडील भाग ठेंगणा ठेवावा. भांड्यांची मोरी खोल असल्याने तेथे उंची सोयीचीच पडते. शेगडी ओट्यावर ठेवली तर तिची उंची आणखी वाढते. हॉब दगडात बसवला तर ती वाढ फारशी राहत नाही. म्हणूनच शेगडी की हॉब, हेही ओट्याआधी ठरावयास हवे. १९२६ साली मार्गारेट श्युटे-लिहोत्स्की या विदुषीने फ्रँकफुर्टच्या कामगार-वसाहतींसाठी स्वयंपाकघर रचले, तेव्हा काम करणारीच्या हालचाली मोजूनच सारी मांडणी केली होती. आपण निदान घरातील स्त्रियांची उंची तरी मोजावी.

दगडाविषयी थोडेसे. शहाबादी, कोटा आणि कडाप्पा हे तिन्ही चुनखडीचे दगड. लिंबू, चिंच, ताक यांचे डाग त्यांवर उमटतात. संगमरवराचीही तीच गत. ओट्याला ग्रॅनाइट उत्तम. लुगड्यांसाठी आपणांस ठाऊक असलेल्या इलकलच्या परिसरात लाल ग्रॅनाइटच्या खाणी आहेत. जमिनीस मात्र काचेसारखी गुळगुळीत फरशी मुळीच घालू नये. तेलाचा एक थेंब आणि घरातील वृद्ध माणूस यांची गाठ पडली, तर होणारा खर्च फरशीच्या खर्चाहून कितीतरी अधिक. खरखरीत फरशी पुसावयास किंचित कष्टाची, एवढेच.

रंगसंगती हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न. तीनही वस्तूंचे नमुने एकत्र ठेवून घरच्याच उजेडात पाहिले म्हणजे पुरे.

विजेचा हिशेब मात्र काटेकोर असावा. दोन हजार वॅटचे यंत्र २३० व्होल्टवर सुमारे नऊ अँपिअर वीज ओढते. अशी दोन यंत्रे १६ अँपिअरच्या एकाच वाहिनीवर घालणे म्हणजे आपत्तीस निमंत्रण. भिंतीवरील फरशी लागण्यापूर्वीच स्वतंत्र वाहिन्या ओढून घ्याव्यात. घरघंटीला सपाट जमीन लागते, तिचीही जागा आताच राखावी.

आता आमच्या पेशाची गोष्ट. धान्याचे डबे मोरीखाली अथवा भट्टीशेजारी कदापि ठेवू नयेत. ओल आणि ऊब मिळाली की उत्तम गव्हातही किडे होतात व दोष मात्र दुकानदाराच्या माथी येतो. डब्यांचे कपाट बाहेरील ओलसर भिंतीपासून दूर व जमिनीपासून चार बोटे वर असावे.

आणि फ्रिजचे पैसे मोजण्यापूर्वी वाड्याचा दिंडी-दरवाजा व जिन्याचे वळण यांची मापे बरोबर न्यावीत.